सॅन होजे ते लॉस एंजेलिस: अडॅप्टरच्या भरवशावर आय-५

‘हा अडॅप्टर घ्या आणि देशातल्या कोणत्याही टेस्ला केंद्रावर गाडी चार्ज करा’, अशा जाहिराती सध्या सीसीएस पोर्टच्या, म्हणजे टेस्लापेक्षा वेगळा जलद चार्जिंगचा प्लग लागणाऱ्या, विजेच्या गाड्या बाळगणाऱ्यांच्या मागे हात धुऊन लागल्या आहेत. या जाहिराती निम्म्या खऱ्या आहेत, आणि उरलेला निम्मा खोटेपणा नेमका कॅलिफोर्नियातल्या आय-५ महामार्गावर, ऑगस्टच्या उन्हात, बॅटरी पंचवीस टक्क्यांवर आलेली असताना अंगाशी येतो. आमची गाडी २०२३ची ह्युंदाई आयॉनिक ५, अंतर सुमारे ५५० किलोमीटर आणि सोबत सासूबाई, म्हणजे ‘बघू पुढे काय होते ते’ हा पर्याय नव्हताच.

अडॅप्टर काय करतो आणि काय करत नाही, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. टेस्लाने आपल्या प्लगची रचना नोव्हेंबर २०२२मध्ये खुली केली आणि पुढे एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेने ती जे३४०० या क्रमांकाने प्रमाणित केली. फोर्डच्या गाड्यांना टेस्लाचे सुपरचार्जर, म्हणजे जलद चार्जर, फेब्रुवारी २०२४च्या अखेरीस खुले झाले, मग रिव्हियन आणि जनरल मोटर्स आले, आणि ह्युंदाईच्या आमच्यासारख्या जुन्या सीसीएस गाड्यांचा क्रमांक २०२५मध्ये लागला. मात्र अडॅप्टर हा दुभाष्या नव्हे. तो फक्त तांब्याला तांबे जोडतो. तिसऱ्या आणि चौथ्या पिढीच्या सुपरचार्जरना सीसीएसचे संभाषण मुळातच कळते, म्हणून तेथे काम होते. दुसऱ्या पिढीचे, १५० किलोवॅटचे जुने चार्जर गाडीशी टेस्लाच्या स्वतःच्या जुन्या पद्धतीनेच बोलतात, आणि तेथे वीस डॉलरचा अडॅप्टर असो वा दोनशेचा, गाडी ढिम्म राहते.

हा फरक आम्हाला ज्या पट्ट्यात कळला, तो आय-५वरचा कोलिंगा ते ग्रेपव्हाइनचा घाट. पचेको खिंडीतून आय-५ला लागेपर्यंत सारे सुरळीत होते, त्यामुळे त्याबद्दल लिहीत नाही. कोलिंगाजवळ गुरांच्या प्रचंड गोठ्यांचा वास काचा बंद असूनही आत येतो, आणि तो वास आला की पहिला थांबा जवळ आला असे समजावे. ठरवलेले केंद्र टेस्लाव्यतिरिक्त एका कंपनीचे, सीसीएस चार्जर असलेले होते. चारपैकी दोन खांबांचे पडदे काळे, तिसऱ्यावर एक व्हॅन ऐंशी टक्क्यांच्या पुढे गेलेली आणि चालक बेपत्ता. चौथा खांब कार्ड घेत होता, ‘तयारी सुरू आहे’ असे म्हणत होता आणि मग माफी मागत होता. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाला त्याने कार्डावरचे पन्नास डॉलर अडकवून ठेवले. ते यथावकाश सुटले, पण दुपारभर बँकेचे संदेश येत राहिले.

नकाशाच्या अ‍ॅपने अडॅप्टरची नोंद पाहून जवळचेच एक टेस्ला केंद्र ‘तुमच्या गाडीस योग्य’ म्हणून दाखवले. तेथे पोहोचल्यावर रिकामे खांब पाहून आनंद झाला, अडॅप्टर केबलला बसला, टक्‌ असा आवाज आला, गाडीच्या पोर्टमध्येही तो व्यवस्थित गेला, आणि पुढे काहीच घडले नाही. टेस्लाच्या अ‍ॅपमध्ये ‘इतर गाडी चार्ज करा’ या विभागात ते केंद्र दिसतच नव्हते. शेजारच्या टेस्लावाल्या गृहस्थांनी केबल हातात धरून दाखवली: ही जाड आहे म्हणजे जुनी. नव्या पिढीची केबल आतून द्रवाने थंड केली जाते, म्हणून ती बरीच बारीक आणि हलकी असते. यासाठी खाली उतरण्याचीही गरज नाही. मनगटाएवढी जाड केबल खांबावर लोंबताना दिसली की गाडी वळवावी. नकाशाच्या अ‍ॅपवर या बाबतीत अजिबात विश्वास ठेवू नका. टेस्लाचे अ‍ॅप घरी उतरवून, खाते उघडून, कार्ड भरून ठेवा आणि त्यात जे केंद्र दिसते तेवढेच आपले माना. महामार्गावर सिग्नल नसताना कार्डाचे आकडे भरत बसण्यात अर्थ नाही.

पुढचे तिसऱ्या पिढीचे केंद्र सुमारे साठ किलोमीटरवर होते. बाहेर ४१ अंश सेल्सिअस, आत एसी जवळपास बंद, वेग ताशी नव्वद किलोमीटरच्या आसपास, आणि मागून येणारे ट्रक आमच्याविषयी काय बोलत असतील याची कल्पना न केलेली बरी. नऊ टक्क्यांवर आम्ही पोहोचलो. तेथे चार्जिंग पहिल्याच झटक्यात सुरू झाले, आणि त्या क्षणी मी अडॅप्टर बनवणाऱ्याला सगळे माफ केले होते, हे येथे नोंदवतो, कारण खालील मते त्या आनंदाचा भर ओसरल्यानंतरची आहेत.

पहिली अडचण व्होल्टेजची. तिसऱ्या पिढीचा सुपरचार्जर ५०० व्होल्टपर्यंतच देतो, तर आयॉनिक ५, किआची ईव्ही६ आणि त्यांच्या भावंडांच्या बॅटऱ्या ८०० व्होल्टच्या वर्गातल्या आहेत. त्यामुळे गाडी मागच्या मोटरची यंत्रणा वापरून व्होल्टेज वाढवून घेते आणि चार्जिंगचा वेग १२५ किलोवॅटच्या आसपास अडतो. ३५० किलोवॅटच्या सीसीएस चार्जरवर १० ते ८० टक्क्यांना कंपनी १८ मिनिटे सांगते. सुपरचार्जरवर अर्धा तास धरून चला, आणि उन्हात अडॅप्टर तापला तर त्याहूनही जास्त. ४०० व्होल्टच्या गाड्यांना, उदाहरणार्थ मस्टँग माख-ईला, हा तोटा नाही. त्यामुळे माझा निकाल असा: ४०० व्होल्टची गाडी असेल तर सुपरचार्जर हा मुख्य आधार समजावा, ८०० व्होल्टची असेल तर अडॅप्टर हा डिकीतल्या सुट्या चाकासारखा बाळगावा आणि चालू स्थितीतील ३५० किलोवॅटचा सीसीएस चार्जर सापडला तर मुकाट्याने तेथेच थांबावे.

दुसरी अडचण केबलच्या लांबीची, आणि ती अधिक लाजिरवाणी आहे. तिसऱ्या पिढीची केबल टेस्लाच्या मागील डाव्या कोपऱ्यातल्या पोर्टचे माप घेऊन केलेली आहे. आयॉनिकचा पोर्ट मागे उजवीकडे आहे. गाडी मागे घेऊन उभी केली की स्वतःच्या जागेची केबल पोहोचत नाही, उजव्या शेजाऱ्याची पोहोचते, म्हणजे एक गाडी दोन जागा अडवते. गर्दीच्या वेळी लोक यावरून बोलतात आणि त्यांचे चुकत नाही. रांगेत, मागे घेतलेल्या गाडीच्या डावीकडच्या शेवटच्या खांबापलीकडे साधी पार्किंगची जागा असेल तर गाडी तेथे मागे घेऊन लावा आणि तो खांब वापरा. मग एकच जागा अडते. ट्रेलरवाल्यांसाठी आरपार जागा असतील आणि रिकाम्या असतील तर त्याहून उत्तम. केबल लांबवणारे एक्स्टेन्शन विकत मिळतात. ते घेऊ नका, टेस्लानेच त्यांच्या वापरास मनाई केली आहे. चौथ्या पिढीच्या खांबांची केबल लांब असल्याने हा सारा खटाटोप तेथे लागत नाही.

खरेदीत सर्वांत मोठी फसवणूक दोन वेगळ्या वस्तू एकाच नावाने विकण्यात आहे. टेस्लाच्या प्लगवरून जे१७७२ या साध्या चार्जिंगच्या पोर्टकडे जाणारा छोटा, स्वस्त अडॅप्टर हा एसी (प्रत्यावर्ती) विजेवरच्या संथ चार्जिंगसाठी, म्हणजे हॉटेलच्या किंवा घरच्या भिंतीवरील टेस्ला चार्जरसाठी असतो. त्याने सुपरचार्जरवर काहीही होत नाही. सुपरचार्जरसाठीचा डीसी (एकदिश विजेचा) अडॅप्टर जड असतो आणि त्याच्या सीसीएस बाजूला गोल भागाखाली दोन मोठ्या पिना असतात. तो हॉटेलच्या एसी चार्जरवर निरुपयोगी. आम्हाला एका विक्रेत्याने पहिला अडॅप्टर ‘सर्व टेस्ला चार्जर’ असे छापून पाठवला होता. सुदैवाने तो निघण्यापूर्वीच परत गेला. शक्य असेल तर गाडीच्या कंपनीचाच अडॅप्टर घ्या. ह्युंदाईने जुन्या ग्राहकांना तो विनामूल्य दिला, तेव्हा आपली गाडी त्या योजनेत बसत होती का हे वितरकाला विचारून मगच पैसे खर्च करा. बाहेरचा घ्यायचाच असेल तर यूएल २२५२ या सुरक्षा मानकाची नोंद शोधा, कारण शेकडो अँपिअर विद्युतप्रवाह हाताएवढ्या तुकड्यातून जाणार आहे. अडॅप्टर आधी केबलला टक्‌ होईपर्यंत बसवावा, मग गाडीत. काढताना अ‍ॅपवरून चार्जिंग थांबवून गाडी अनलॉक करावी, दोन्ही एकत्र ओढून काढावे आणि मग वेगळे करावे. घाईत नुसती केबल खांबाला अडकवून निघालात तर दोनशे डॉलर महामार्गावर सोडून जाल.

ग्रेपव्हाइनचा चढ गृहीत धरा. त्याच्या शेवटी येणाऱ्या टेहॉन खिंडीचा माथा १,२६३ मीटरवर आहे आणि पायथ्यापासून सुमारे आठशे मीटर चढावे लागते. भरलेल्या गाडीला नुसत्या चढासाठी पाच युनिटच्या आसपास, म्हणजे बॅटरीचे सहा-सात टक्के, नेहमीच्या खर्चाशिवाय लागतात. दरीच्या तळापासून पस्तीस टक्क्यांच्या खाली निघू नका, उतारावर काही भाग परत मिळतो या आशेवर तर मुळीच नाही, कारण तो चढ संपल्यावर मिळतो.

लॉस एंजेलिसमधील दिवस चांगले गेले. मामांच्या गॅरेजमधील साध्या १२० व्होल्टच्या सॉकेटवर गाडी रात्रभर लावली आणि आर्टिशियाच्या पायोनियर बुलेवार्डवरून फरसाण आणले. याहून सांगण्यासारखे काही नाही.

पैशांचे मात्र सांगितले पाहिजे. टेस्ला नसलेल्या गाडीला सुपरचार्जरवर प्रत्येक युनिटमागे ठळकपणे जास्त दर पडतो. महिन्याला बारा-तेरा डॉलरचे सदस्यत्व घेतले की टेस्लावाल्यांचा दर लागू होतो, आणि ते जवळपास एका मोठ्या चार्जिंगमध्ये वसूल होते. निघण्याच्या आदल्या दिवशी घ्या आणि परतल्यावर लगेच रद्द करा, नाहीतर ते दर महिन्याला आपोआप पैसे कापत राहते. केंद्र पूर्ण भरलेले असताना चार्जिंग संपल्यावरही गाडी जागेवर राहिली तर मिनिटाला एक डॉलरपर्यंत दंड लागतो. सासूबाईंना प्रसाधनगृहातून यायला वेळ लागणार असेल तर चार्जिंगची मर्यादा पाच टक्क्यांनी वाढवून ठेवा.