सांवेरचं सोयाबीन आणि भुशाचा पट्टा

ऑगस्टमधली गोष्ट. इंदूरला झड लागली होती, म्हणजे मुसळधार नाही, पण उघडीपही नाही, पंख्याखालीसुद्धा कपडे वाळेनात अशी. रामबागेतल्या काकांचा फोन आला, "अगं, सांवेरच्या शेतात सोयाबीनवर पिवळा मोझॅक आलाय म्हणे, दुकानवाल्याने पांढऱ्या माशीचं औषध बांधून दिलंय आणि बटाईवाला (वाट्याने शेत करणारा) उद्या सकाळीच मारतो म्हणतोय, तू एकदा बघून घेतेस का?" मी म्हटलं काका, मी येईपर्यंत पंपाला हात लावू देऊ नका.

मुद्दाम उजाडताच पोचले. कारण मला शंका होती ती बुरशी पानं ओली असेपर्यंतच धड दिसते, एकदा ऊन लागलं की धागे वाळून जातात आणि मागे उरतात करपलेली पानं, मग त्याला ज्याला जे सुचेल ते नाव.

मोझॅक म्हणजे पांढरी माशी पसरवते तो विषाणूरोग. तो असता तर वरच्या कोवळ्या पानांवर पिवळे-हिरवे चट्टे दिसले असते. इथे शेंडे छान हिरवे आणि खालची पानं उकळतं पाणी ओतल्यासारखी, काही राखाडी-हिरवी, काही तपकिरी होऊन एकमेकांना चिकटलेली. दोन पानं हळूच सोडवली तर मधे बारीक पांढुरके धागे ताणले गेले, आणि देठाजवळ गडद तपकिरी, कडक, वेडेवाकडे दाणे. काकांना भिंग दिलं. चष्मा वर करून बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले, "हे तर जाळंच आहे की गं!"

रायझोक्टोनिया सोलानी नावाची बुरशी. भातावर शीथ ब्लाईट (करपा) करते तीच, राजम्यावर वेब ब्लाईट म्हणतात तीही हीच, सोयाबीनवर एरियल ब्लाईट. हे कडक दाणे जमिनीत पडून राहतात, पावसाचा थेंब उघड्या मातीवर आपटला की मातीबरोबर उडून खालच्या पानावर चढतात, आणि तिथे दमट, गरम, हवा न खेळणारी जागा मिळाली की पानावरून पानावर धागे टाकत सुटतात. पांढऱ्या माशीचा ह्यात काडीचा संबंध नाही, त्या औषधाचे पैसे पाण्यात गेले असते.

काकांचा पुढचा प्रश्न ठरलेलाच, "मग ह्याला दाद न देणारी जात सांग ना, खंडवा रोडवर 1987 पासून सोयाबीनची एवढी मोठी संशोधन संस्था आहे!" आता इथे खरी गोम आहे. राजम्याच्या अँथ्रॅक्नोज ह्या दुसऱ्या बुरशीरोगाला रोखणारे एकेक जीन सापडलेत, ते जातीत आणता येतात (बुरशीही नवीन रेस, म्हणजे नवा उपप्रकार, काढून ते मोडते, तो भाग वेगळा). रायझोक्टोनियाचं तसं नाही. मध्य अमेरिकेच्या दमट भागात ही बुरशी राजम्याची वैरीणच आहे, तिथल्यासाठी कोलंबियातल्या सिएट संस्थेने आणि स्थानिक लोकांनी वर्षानुवर्षं निवड केली, तालामांका सारख्या जाती आल्या, पण त्या थोडंफार सोसणाऱ्या, अभेद्य कोणतीच नाही. ताठ आणि मोकळं वाढणारं झाड असलं तर वारा खेळतो आणि ते जरा निभावतं, एवढंच. म्हणजे जात तयार करणाऱ्या ब्रीडरने झाड मोकळं दिलं तरी आपण ते दाटीवाटीने पेरायचं तर काय उपयोग.

हे बोलत बांधाच्या कडेने चाललो होतो आणि तिथेच मी थांबले. खालच्या टोकाला एक पट्टा जवळजवळ स्वच्छ! शेजारच्या ओळी करपलेल्या आणि हा मस्त. खाली वाकून बघितलं तर जमिनीवर भुशाचा थर. बटाईवाले दादा म्हणाले, "गेहूं का थ्रेशर यहीं खड़ा था मॅडम, भूसा बच गया था." बाकी शेतात नरवाई (गव्हाची उरलेली खुंटं) जाळलेली, माती उघडी.

कोस्टा रिकातले शेतकरी राजमा असाच घेतात, त्याला फ्रिहोल तापादो म्हणतात. उभ्या तणात बी फेकायचं आणि तण कापून वर आच्छादन म्हणून पसरायचं, नांगरट नाही. माती झाकलेली, म्हणून थेंबाबरोबर बुरशी उडत नाही. पुस्तकात वाचलेलं सांवेरला असं समोर येईल वाटलं नव्हतं. अर्थात सगळं श्रेय भुशाला देता येणार नाही, त्या पट्ट्यात भुशामुळे उगवण कमी झाली होती, झाडं विरळ होती. दोन्ही कारणं एकत्र आहेत, कुठलं किती ते एका शेतावरून कळत नाही.

मग बियाण्याचं निघालं. एकरी 25-30 किलो पुरतं तिथे ह्यांनी पन्नास टाकलेलं, ओळीही 18 इंचांऐवजी बाराच्या. मी विचारलं एवढं का? दादा सरळ म्हणाले, भरोसा नाही बियाण्याचा, निम्मं उगवतं. आणि त्यांचं काही खोटं नाही, सोयाबीनचं साल नाजूक, मळणीत आपटलं की अंकुर जातो. म्हणून जूनमध्ये भीतीपोटी दुप्पट पेरायचं, नशिबाने सगळं उगवलं की ऑगस्टमध्ये हे असं. काकांना म्हटलं, पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, सत्तरच्या वर उगवले तर हात आवरा.

त्या दिवसापुरतं टेब्युकोनाझोल 25.9 ईसी हे बुरशीनाशक लिहून दिलं, हेक्टरी 625 मिली, पाणी 500 लिटर, आणि नोझल पिकाच्या आत घालून खालच्या पानांवर मारायचं. पाण्याचा आकडा ऐकून दादांचं तोंड उतरलं, एकराला पाठीवरच्या पंपाच्या बारा-तेरा टाक्या वाहायच्या म्हणजे कंबरडं मोडणार, ते पाच-सहात उरकणार होते. शेवटी काकांनी मजुरी स्वतः द्यायची आणि औषध निम्मंनिम्मं असं ठरलं. पुढच्या वर्षी नरवाई न जाळण्यावर मात्र दोघांचं जुंपलं ते मी गाडी काढेपर्यंत चालूच होतं.