बालवर्गातील हट्ट आणि खेळ थांबवण्याची वेळ

नाशिकमधील सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत पाळीने काम करणाऱ्या अनेक पालकांची मुले आमच्या बालवर्गात येतात. आई-वडिलांची पाळी बदलली की घरातील झोपेच्या व जेवणाच्या वेळा बदलतात आणि ते मुलांच्या वागण्यातून आम्हाला लगेच जाणवते. एरवी समजूतदार असलेले चार वर्षांचे मूल अशा आठवड्यात सतरंजीवर बसत नाही, वस्तू भिरकावते, ताईंच्या अंगावर धावून जाते. त्याला उद्धट ठरवण्याची घाई मला मान्य नाही. या वयात स्वतःला आवर घालण्याची क्षमता नुकतीच आकार घेत असते आणि झोप अपुरी असली किंवा पोट रिकामे असले, तर असलेली क्षमताही तोकडी पडते.

माझ्या पाहण्यात बहुतेक हट्ट एक काम संपवून दुसरे सुरू करताना उफाळतात. डब्याची वेळ होते, बाकीची मुले हात धुवायला रांगेत उभी राहतात आणि एखादा मुलगा लाकडी ठोकळ्यांचा अर्धवट पूल दोन्ही हातांनी झाकून बसून राहतो. त्या क्षणी सगळ्यांदेखत दटावले, तर ठोकळे बाजूला राहतात आणि मानापमान सुरू होतो. त्याच्याजवळ खाली बसून, हळू आवाजात ‘पूल मोडायचा नाही, डब्यानंतर पुढचा करू, आधी तू हात धुशील की मी?’ असे विचारावे आणि उत्तरासाठी खरोखर थांबावे. दोन्ही पर्याय आपल्याला चालणारेच हवेत. खेळ थांबणार असल्याची सूचना पाच मिनिटे आधी, रोज त्याच गाण्याने दिली, तर पुष्कळदा हा प्रसंगच येत नाही. मारणे आणि चावणे यांना मात्र पर्याय देऊ नयेत. हात धरून ‘मारू देणार नाही’ एवढेच सांगावे आणि समजावणे मूल शांत झाल्यावर करावे.

मुलांना न मारता शिकवावे असा आग्रह धरणारे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, त्याला आता किती काळ लोटला. तरीही ‘द्या दोन धपाटे, आमची हरकत नाही’ असे पालक फाटकाशी उभे राहून, मुलाच्या देखत सांगतात, तेव्हा फार वाईट वाटते. अशा पालकांशी मी बाजूला घेऊन बोलते, तक्रारीआधी सध्या पाळी कोणती आहे आणि मूल रात्री कधी झोपते हे विचारते. मागून हाक मारल्यावर वळूनही न पाहणाऱ्या मुलाची आधी श्रवणचाचणी करून घ्यायला सांगते, कारण वारंवार सर्दी होऊन कानाच्या पडद्यामागे पाणी साचले, तर मुलाला कमी ऐकू येते आणि सूचना न पोहोचलेले मूल वर्गात ‘ऐकत नाही’ म्हणून बोलणी खात राहते.