व्हिनेगरचा खण: पावसाळ्यानंतरची मोजदाद

जूनमध्ये पाला-मसाले मुरवायला व्हिनेगरच्या नऊ बाटल्या घातल्या होत्या, आज घटस्थापनेला सहा उरल्यात. दोन मोरीत ओतल्या, एक फुटली. भांडुपच्या घरात ओट्याखालचा एक खण आईने या उद्योगाला दिलाय, त्यातला हा हिशोब.

ओतलेल्या दोन्ही पाल्याच्या, गवती चहा आणि पुदिना. चूक सरळ माझी. भर पावसात जुडी आणली, धुतली, पुसल्यासारखं केलं आणि कोंबली बाटलीत. गवती चहाची टोकं व्हिनेगरच्या वर बोटभर डोकावत होती. नवव्या दिवशी त्यांच्यावर बुरशी. साध्या व्हिनेगरमध्ये ॲसिटिक आम्ल असतं ४-५ टक्के. ओला पाला ते आणखी पातळ करतो, आणि जे टोक वर राहतं त्याला तर आम्लाचा स्पर्शच नाही. आता पाला पंचावर पसरून पंख्याखाली ठेवतो. जुलैतल्या मुंबईत एक रात्र पुरत नाही, दुसरा दिवस धरायचाच.

फुटलेल्या बाटलीचं कारण पत्र्याचं झाकण. व्हिनेगरच्या वाफेने ते गंजून असं बसलं की बत्त्याने ठोकायला गेलो आणि गळाच हातात आला. यापुढे प्लास्टिकचंच झाकण.

लसणाच्या बाटलीने घरात घबराट केली. चौथ्या दिवशी पाकळ्या निळ्या-हिरव्या! आई म्हणाली, "अरे, विष झालंय त्याचं, टाक आधी." विष नाही. लसणातली गंधकाची संयुगं आणि अमिनो आम्लं आंबटात भेटली की हा रंग येतो, खायला काही बिघडत नाही. मात्र हाच प्रयोग तेलात करू नका. तेलात आम्लही नाही आणि हवाही नाही, त्यामुळे बाहेर ठेवलेल्या कच्च्या लसणाच्या तेलात बोट्युलिझमचे, म्हणजे जीवघेण्या विषबाधेचे, जंतू वाढू शकतात. दिसतही नाहीत, वासही येत नाही.

यंदाची खरी कमाई तिरफळाची. गावाहून, मालवणहून, वाळवलेली तिरफळं आली होती. आतली काळी बी काढून टाकली, नुसती टरफलं दोन मोठे चमचे, पाव लिटर व्हिनेगरला. इथे साधं पांढरं वापरलं नाही. बाटलीवर 'सिंथेटिक' लिहिलेलं असेल तर ते पाणी घातलेलं ॲसिटिक आम्लच, नाकात जातं. लसूण-मिरचीला चालतं, तिरफळाला नाही. गोव्याचं, नारळाच्या माडीचं व्हिनेगर घेतलं. तीन आठवड्यांनी गाळलं तर संत्र्याच्या सालीसारखा वास, आणि जिभेवर ती ओळखीची झिणझिण. उभ्या चिरलेल्या कांद्यावर एक चमचा, मीठ, कोथिंबीर: तळलेल्या बोंबलांसोबत अर्धी वाटी मी एकट्याने संपवली. बांगड्याच्या तिखल्यात घालू का विचारलं तर आईने वरसुद्धा पाहिलं नाही. "बांगड्याला कोकम." विषय संपला.

गोकर्णाची बाटली फक्त शोभेची. निळी फुलं टाकली आणि बघता बघता जांभळट गुलाबी झालं. चव शून्य.

आलं-मिरी-दालचिनीची बाटली घसा बसला की निघते. एक चमचा, एक चमचा मध, पेलाभर कोमट पाणी. मध-व्हिनेगरची जोडी जुनीच, इराणी सिकंजबीन म्हणजे हेच. घशाला बरं वाटतं, याहून मोठा दावा मी करणार नाही. शेजारच्या काकू 'शुगरवर घेऊ का' विचारत होत्या. त्यांना म्हटलं, कोशिंबिरीत खुशाल घाला, पण गोळी बंद करायची नाही आणि रोज प्यायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. नुसतं तर कुणीच पिऊ नये, दातांचं एनॅमल झिजतं. ॲसिडिटीवाल्यांनी लांबूनच वास घ्यावा. एक वर्षाखालच्या बाळाला हे मिश्रण अजिबात नाही, मधामुळे.

थंडीत ओली हळद आणि आंबेहळद घालायचा बेत आहे. ओतून रिकाम्या झालेल्या दोन बाटल्या त्यासाठीच धुऊन ठेवल्या होत्या. एकीत आईने आज सकाळी जिरं भरलं.