एकटीला आवरेल अशी गाडी: निवडीची ताजी नोंद

लांबच्या प्रवासाला एकटीने न्यायची मोटरसायकल शोधतेय, त्या यादीतली बरीच नावं खोडून झाली. शेवटी दोन उरल्या, रॉयल एन्फील्ड मीटिअर ३५० आणि सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स. एक बुटकी, पाय पुढे टाकून बसायची क्रूझर, दुसरी खडबडीत रस्त्यासाठीची उंच ॲडव्हेंचर. या दोघी एका यादीत कशा आल्या असं विचाराल, तर माझा निकष एकच आहे: गाडी मला एकटीला आवरली पाहिजे. चालवताना कुठलीही आवरते. प्रश्न थांबल्यावरचा आहे.

आधी रस्ता सांगते, कारण गाडी त्यावरूनच ठरली. कोल्हापूरहून आंबोलीमार्गे सावंतवाडी, आणि तिथून राष्ट्रीय महामार्ग ६६ धरून कारवार, उडुपी, मंगळुरू, कोझिकोड करत कन्याकुमारी. त्याआधी सराव म्हणून आपला सागरी रस्ता, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड या फेरीबोटींसकट. म्हणजे डांबर, काँक्रीट, मधेमधे उकरून ठेवलेले पट्टे आणि गावोगावचे गतिरोधक. लडाख यात नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण टूरिंगची गाडी म्हटलं की आपल्याकडे जो तो लेहचा हिशेब मांडतो. लेहच्या वाटेवरच्या टांडीच्या पंपावरची ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटर’ ही पाटी फोटोत बघून लोक मोठ्या टाकीची गाडी घेतात आणि पुढची पाच वर्षं पुणे–महाबळेश्वर करतात. किनाऱ्याला पंपांची वानवा नाही. व्ही-स्ट्रॉमची टाकी १२ लिटरची, मीटिअरची १५. लिटरला तीसच्या आसपास धरलं तरी पेट्रोल संपायच्या आधी पाठ बोलायला लागते.

ताकदीचा मुद्दाही मी लवकर निकालात काढला. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर आपल्याला, म्हणजे दुचाकींना, बंदी, ७०१ किलोमीटरच्या समृद्धीवरही बंदी. चौपदरीवर दुचाकीची मर्यादा ८०. मग चाळीस अश्वशक्ती कुठे खर्च करायची? मीटिअरची २० अश्वशक्ती कागदावर केविलवाणी दिसते खरी, पण तिचा २७ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, ४००० आरपीएमलाच (इंजिनाच्या मिनिटाला ४००० फेऱ्यांनाच) हाताशी येतो. व्ही-स्ट्रॉमची २६ अश्वशक्ती हवी असेल तर काटा ९००० च्या पुढे न्यावा लागतो. सामान लादून घाट चढताना मला पहिला प्रकार बरा वाटतो. गिअर कमी बदलावे लागतात, डोकं शांत राहतं.

खोडलेल्यांबद्दल थोडक्यात. हिमालयन ४५० मनापासून आवडली. पण वजन १९६ किलो, सीट ८२५ मिलिमीटर आणि माझी उंची पाच फूट तीन इंच. कमी उंचीची सीट मिळते, ती लावली तरी ८०५. उंच चालेल किंवा जड चालेल, दोन्ही एकदम नको. डोमिनार ४०० चाकणची, सुटे भाग गल्लीत मिळतात, पण १९३ किलो आणि दिवसभरात मनगटावर भार येतो. एक्सपल्स १६० किलोच्या आत, गावरस्त्याला तोड नाही, पण महामार्गावर ८५–९० ला इंजिनाकडे शिल्लक काही उरत नाही. इंटरसेप्टर दोनशे किलोच्या वर, म्हणून बसूनही पाहिली नाही (बसले असते तर घेतली असती, ही भीती).

आमच्या गॅरेजवाल्या मामांनी सगळा विषय दोन वाक्यांत संपवला होता: “ताई, चालत्या गाडीला वजन नसतंय. थांबली की सगळं आपल्या पायावर.”

म्हणून या वेळी टेस्ट राइडपेक्षा उभ्या गाडीच्या चाचण्या जास्त केल्या. मीटिअर चुलतभावाची, व्ही-स्ट्रॉम मैत्रिणीच्या नवऱ्याची. दोघांनाही आधीच सांगितलं होतं की गाडी आडवी करणार आहे. भाऊ हसला. दुसऱ्यांनी जुनी सतरंजी आणून दिली आणि चाचणी संपेपर्यंत तिथून हलले नाहीत.

पहिली चाचणी, उतारावर नाक खाली करून लावलेली गाडी मागे ओढणे. व्ही-स्ट्रॉम १६७ किलोची. खाली उतरून, कंबर टाकीला टेकवून ढकलली की सरकते. बसून मात्र काही होत नाही, कारण ८३५ च्या सीटवरून माझे फक्त चवडे टेकतात आणि चवड्यांना जोर लागत नाही. मीटिअरची सीट ७६५, दोन्ही तळपाय सपाट. बसल्या बसल्या पाय मारत हलक्या चढावर मागे नेता येते. चढ जरा वाढला की १९१ किलो हलायचं नाव घेत नाहीत, उतरून ढकललं तरी नाही. त्यावर उपाय गाडी लावतानाच करायचा: नाक नेहमी चढाकडे, पहिला गिअर टाकून.

दुसरी चाचणी आडवी गाडी उचलण्याची. इथे वजनाचा आकडा फसवतो. पद्धत तीच, बहुतेकांना माहीत असेल. गाडी उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड उघडायचा, नाहीतर उचललेली गाडी पलीकडे जाते. इंजिन बंद, पहिला गिअर. हँडल जमिनीकडच्या बाजूला पूर्ण वळवायचं, पाठ सीटला लावून बसायचं, एक हात हँडलच्या खालच्या मुठीवर, दुसरा मागच्या ग्रॅब रेलवर (मागे बसणाऱ्याने धरायच्या दांड्यावर), आणि पायांनी मागे मागे चालत उठायचं. कमरेने उचलायला गेलात तर कंबर गेली. भावाच्या मीटिअरला लेग गार्ड (इंजिनापुढचा लोखंडी कठडा) आहे, त्यामुळे ती पूर्ण झोपलीच नाही, तिरकी राहिली आणि पहिल्या अवघड टप्प्यातून सुटका झाली. व्ही-स्ट्रॉमला गार्ड नव्हता. २४ किलो हलकी असूनही ती जमिनीलगत गेली आणि तो टप्पाच जड गेला. गार्ड लावला तर तीही सोपी होईल, मान्य. पण गार्ड हा शोभेचा खर्च समजणाऱ्यांनी हे एकदा करून बघावं. आणि उचलण्याआधी सामान उतरवायचं. त्यासाठी बॅगा दोरीने न बांधता बकलच्या पट्ट्यांनी लावायच्या.

तिसरी गोष्ट प्रत्यक्ष रस्त्यावर पाहिली. आपले रस्ते मधून फुगीर, कडेला उतरते. कडेला थांबून डावा पाय टाकला की जमीन अपेक्षेपेक्षा दोन बोटं खाली असते, आणि चवड्यावर उभ्या असलेल्या माणसाला ती दोन बोटं पुरतात. फेरीबोटीचा रॅम्प तर याहून वाईट: ओला लोखंडी पत्रा, ओहोटीला उतार जास्त, पुढे गाडी, मागे टेम्पो आणि खलाशी ओरडतोय, “घ्या, अजून पुढं घ्या!” तिथे मला दोन्ही पाय सपाट हवेत.

तर मीटिअर. तिची दुखणी मला ठाऊक आहेत. पाय पुढे असतात, त्यामुळे खड्डा दिसला तरी उठून उभं राहता येत नाही, धक्का थेट मणक्यात जातो. ग्राउंड क्लिअरन्स १७० मिलिमीटर, व्ही-स्ट्रॉमचा २०५. कच्च्या वाटेला मी गाडी लावून चालत जाईन. दोघींना अलॉय चाकं आणि ट्यूबलेस टायर, त्यामुळे पंक्चरच्या बाबतीत बरोबरी. ट्यूबच्या गाडीचं चाक संध्याकाळी महामार्गाच्या कडेला एकटीने खोलायची माझी तयारी नाही. पट्टीचा किट आणि बॅटरीवर चालणारा छोटा पंप पुरे.

नवी नाही, २०२२ ची जुनी घेतली. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचले, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. टायर गाडीइतकेच जुने, म्हणून दोन्ही बदलण्याचे पैसे किमतीतून वळते केले. मेन स्टँडवर घेऊन पुढचं चाक उचललं, हँडल डावी-उजवीकडे सावकाश फिरवलं. मधोमध अडकत नाही, म्हणजे कोन सेट (हँडलच्या दांड्याचे बेअरिंग) ठीक. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. कर्जाचा बोजा उतरवायला बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो, ते हातात आल्यावरच उरलेले पैसे दिले.

आता लादणी चालू आहे. जड वस्तू, म्हणजे हत्यारं, पाणी, कुलूप, सॅडल बॅगांच्या तळाशी आणि शक्य तितक्या पुढे. मागच्या सीटवर फक्त कपडे. मागे कोणी बसणार नाही, पण सामानाचं वजन जाणार, म्हणून मागच्या शॉकचा प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) वाढवला आणि टायरमध्ये डबलसीटची हवा भरली. जादा क्लच केबल जुन्या केबललगतच ओढून बांधून ठेवली आहे. तुटली तर फक्त टोकं बदलायची.

पुढचा टप्पा पूर्ण सामानासह आंबा घाट उतरून रत्नागिरी, आणि जमलं तर जयगडची फेरी. एक अडलंय: सॅडल बॅगांचे स्टे (बॅगा चाकापासून दूर धरणारे लोखंडी दांडे) बसवले की मागचे इंडिकेटर त्यात अडकतात का? मीटिअरवर कोणी स्टे लावले असतील तर फोटोसकट सांगा. इंडिकेटर सरकवायला वायर कापावी लागत असेल, तर मी मागच्या सीटवरच्या टेल बॅगवरच भागवेन.