दाल्मातियसचा नवस

रोममध्ये चौथ्या दिवशी चर्चची छतं बघून मान अवघडली, तेव्हा सोबतची वसईची मैत्रीण म्हणाली, "आज जमिनीखाली जाऊ." म्हणून शहराच्या तटाबाहेर, जुन्या आप्पिया रस्त्यावरच्या सान सेबास्तियानो चर्चला आलो. ही जागा मुळात खाणीची, खोलगट. 'काताकुंबास' हे इथलं नाव पुढे जगभरच्या भुयारी दफनभूमींना चिकटलं.

जिना उतरताच गार ओलसर वास. बोळ इतके अरुंद की समोरून कोणी आलं तर भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. दोन्ही बाजूंना थडग्यांचे रिकामे कप्पे, काही लहान मुलांच्या मापाचे. पण मी रेंगाळले ती भुयारात नाही, एका गिलाव्याच्या भिंतीपाशी. तिसऱ्या शतकात इथे बाकं मांडलेली पडवी होती. लोक येशूचे प्रेषित पीटर आणि पॉल यांच्या नावाने यायचे, जेवायचे, प्यायचे आणि जाताना टोकदार काहीतरी घेऊन भिंतीवर खरडायचे. आपल्याकडच्या किल्ल्यांवर असलं खरडलेलं पाहिलं की माझं डोकं फिरतं. इथे मात्र मी नाक लावून वाचत होते!

"पॉल आणि पीटर, विक्टरसाठी मागणं मागा." वाक्य एवढंच. पण क्रियापद बघा: 'द्या' नाही, 'मागा'. देणारा देव, संत फक्त शब्द टाकणारे. देवाची आराधना वेगळी आणि संतांचा आदर वेगळा, हे बिशपांच्या धर्मसभेने 787 साली नीट मांडलं. विक्टरच्या माणसांनी ते आधीच एका क्रियापदात लिहून ठेवलं होतं.

शेजारी कुणा दाल्मातियसने जेवण घालायचा नवस बोलल्याची नोंद. नवसासाठीचा लॅटिन शब्द 'वोतुम', याने लिहिलाय 'बोतुम'. बोलायचा तसाच लिहिला बिचाऱ्याने.

थडग्यापाशी जेवायची रीत ख्रिस्ती लोकांनी काढलेली नव्हे. रोमन घरांत फेब्रुवारीत नऊ दिवस पितरांचे असत, जवळपास आपला पितृपक्षच. फरक असा, की इथे घरच्या पितरांच्या जागी साऱ्या मंडळीचा रक्तसाक्षी, म्हणजे श्रद्धेपायी जीव दिलेला माणूस, आला. इ. स. 155च्या सुमारास स्मिर्नाच्या, म्हणजे आजच्या इझमिरच्या, पॉलिकार्पला मारलं, तेव्हा लोकांनी त्याची हाडं गोळा केली आणि दरवर्षी तिथे जमून त्याचा 'जन्मदिवस' पाळायचं ठरवलं. जन्मदिवस म्हणजे मरणाचा दिवस! आळंदीला कार्तिकात जाणाऱ्याला हे समजवावं लागत नाही. हा मान लोकांनीच दिलेला; पोपने एखाद्याला रीतसर संत ठरवल्याचं पहिलं पक्कं उदाहरण थेट 993 सालचं.

जेवणावळी पुढे डोईजड झाल्या. ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टिनची आई मोनिका मिलानमध्ये पेज, भाकरी आणि वाइन घेऊन थडग्यांकडे निघाली, तर दारवानाने अडवलं. बिशप अँब्रोझची मनाई होती. दारूला निमित्त नको आणि जुन्या पितरांच्या सणाची छाया नको. ती मुकाट परतली.

"आम्ही 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कबरीवर फुलं नि मेणबत्त्या नेतो," मैत्रीण म्हणाली. "जेवण घरी."

चौथ्या शतकात ही पडवी भराव घालून बुजवली आणि वर बासिलिका, म्हणजे मोठं चर्च, उभी केली. म्हणूनच भिंत 1915च्या उत्खननापर्यंत टिकली. वर आलो तेव्हा मिस्सा, म्हणजे चर्चची उपासना, चालू होती, ऐन त्या बाकांच्या डोक्यावर.