काकूंच्या फोनसाठी ड्रायव्हर शोधताना

आमच्या चाळीत तळमजल्यावर काकूंचं पोळीभाजी केंद्र आहे. गिरगावात, मुगभाटात. सकाळपासून भाजलेल्या पोळ्यांचा वास जिन्यातून वर येतो आणि काकूंचा फोन असतो पोळपाटाच्या डावीकडे, तेलाच्या बरणीला टेकवून उभा. 2017 चा फोन आहे, एका कोपऱ्याला तडा गेलाय, चार्जिंगच्या भोकात कायम पीठ. दर दोन-तीन महिन्यांनी मी टूथपिकने ते काढून देतो, बाकी फोन ठणठणीत. बॅटरी एकदा बदलली तेवढीच.

जूनमध्ये एकदा खालून हाक आली, "अरे, जरा ये रे खाली, हे मला आत घेत नाहीये." बघतो तर ज्या ॲपवरून त्यांना टिफिनच्या ऑर्डरी येतात त्याने सांगितलं होतं की तुमच्या फोनवर आता हे चालणार नाही, अँड्रॉइड नवीन करा. फोन अडकलेला अँड्रॉइड 7 वर, आणि त्याच्यापुढे कंपनीकडून काहीच आलेलं नाही. क्रोमनेसुद्धा 2023 च्या शेवटी अँड्रॉइड 7 सोडलंय, त्यामुळे एकेक ॲप असं दार लावत जाणार हे मला माहीत होतं. मी म्हणणारच होतो की काकू आता नवीन घ्या, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "पण हा बिघडलाय कुठे? चालतोय की."

याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. फोन खरंच बिघडलेला नव्हता.

संध्याकाळी लॅमिंग्टन रोडला एका दुकानात दाखवला. तो माणूस चांगला होता, त्याने पैसे काढायचा प्रयत्नही केला नाही, सरळ म्हणाला, "साहेब, सॉफ्टवेअर मारून देतो, पण व्हर्जन हेच राहणार, वर नाही जात हा." वर का नाही जात हे विचारलं तर म्हणाला कंपनीने काढलंच नाही. ते बरोबरच आहे, पण ते अर्धंच उत्तर आहे. उरलेलं अर्धं होतं ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये, म्हणजे अँड्रॉइड आणि चित्र काढणारी चिप यांच्यामधल्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि ते शोधण्यात माझे पुढचे चार रविवार गेले.

फोनचं नाव लिहीत नाही कारण मुद्दा चिपचा आहे. आत स्नॅपड्रॅगन 625 आहे, 2016 ची चिप, आठ कोर, आणि ग्राफिक्सला अड्रिनो 506. आजही काकूंच्या कामाला ती भरपूर होते. (अड्रिनो हे नाव एएमडीच्या रेडिऑन या ग्राफिक्सच्या नावाची अक्षरं उलटसुलट करून झालंय, कारण 2009 मध्ये एएमडीने मोबाइल ग्राफिक्सचा धंदा स्नॅपड्रॅगन बनवणाऱ्या क्वालकॉमला विकला त्यातून हे आलं. मला हे कळलं तेव्हा कागदावर अक्षरं जुळवून बघितली होती.)

आता गोष्ट अशी आहे की ग्राफिक्स ड्रायव्हर हे एक सलग काही नसतं, त्याचे दोन भाग असतात. एक भाग कर्नेलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या सगळ्यात आतल्या गाभ्यात, त्याला केजीएसएल म्हणतात, तो लिनक्स कर्नेलचा भाग असल्यामुळे जीपीएल या मुक्त लायसन्सखाली आहे, त्याचा सोर्स मिळतो, वाचता येतो, दुरुस्त करता येतो. दुसरा भाग वरती बसतो, ॲप जे ओपनजीएलमध्ये, म्हणजे ग्राफिक्सच्या ठरलेल्या आज्ञांमध्ये, सांगतं ते चिपला कळेल अशा भाषेत करून देणारा, आणि तो बंद. सोर्स नाही, नुसत्या तयार केलेल्या बायनरी फाइल्स, ज्याला सगळे ब्लॉब म्हणतात. अँड्रॉइडची अख्खी स्क्रीन, अगदी साधं घड्याळसुद्धा, जीपीयूवरून, म्हणजे ग्राफिक्सच्या चिपवरून, काढली जाते, त्यामुळे हा वरचा भाग बसला नाही तर फोन सुरू होऊनही तुम्हाला काही दिसणार नाही. आणि तो ब्लॉब बनवलेला असतो त्या वेळच्या अँड्रॉइडसाठी. पुढच्या अँड्रॉइडमध्ये आतल्या लायब्ररी, म्हणजे सगळे मिळून वापरतात त्या कोडच्या फाइल्स, बदलतात, काही फंक्शन जातात, काहींची नावं बदलतात. नवीन सिलेंडर आणावा आणि घरचा रेग्युलेटर त्याच्यावर बसूच नये तसं. शेगडी चांगली, गॅस भरलेला, आणि तरी चहा नाही.

हे काही आजचं नाही. 2010 चा नेक्सस वन, ज्याच्यापासून गुगलचे नेक्सस फोन सुरू झाले, त्यात अड्रिनो 200 होता आणि त्याला अँड्रॉइड 4 कधी मिळालं नाही. मग गॅलेक्सी नेक्सस, त्यात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची ओमॅप चिप आणि पॉवरव्हीआरचं ग्राफिक्स, 2012 ला टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने मोबाइल चिपमधून अंग काढून घेतलं, 2013 ला किटकॅट (अँड्रॉइड 4.4) आलं तेव्हा गुगलने अपडेटची 18 महिन्यांची मुदत झाली म्हणून तो फोन सोडला. एकदा चिपवाल्याने हात वर केले की फोनवाल्यालाही जड जातं, हे मला तेव्हापासून डोक्यात आहे. पण उलट उदाहरणही आहे. फेअरफोन 2 नावाचा डच कंपनीचा फोन, 2015 चा, स्नॅपड्रॅगन 801, चिपवाल्याचा पाठिंबा संपल्यावरही त्या लोकांनी तो अँड्रॉइड 10 पर्यंत नेला आणि 2023 पर्यंत सांभाळला. म्हणजे होतं. कष्ट पडतात, पण होतं.

तर काकूंच्या फोनसाठी लिनिएजओएसवर (हौशी लोक मिळून बनवतात ते मुक्त अँड्रॉइड) बेतलेली एक अँड्रॉइड 10 ची अर्धवट रॉम, म्हणजे फोनवर टाकायची अख्खी सिस्टिम, सापडली, कोणीतरी मेहनत करून मध्येच सोडलेली. काकूंचे फोटो, चॅट सगळं आधी काढून ठेवलं कारण बूटलोडर (फोन सुरू करणारं, कुलूप लावलेलं सॉफ्टवेअर) अनलॉक केला की फोन पुसला जातो, आणि आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, ज्या पार्टिशनमध्ये असतो त्याचा आणि मूळ सिस्टिमचाही बॅकअप घेतला. असं काही करणार असाल तर हे कृपया टाळू नका, नंतर नेटवर्क गेलं तर रडायची वेळ येते. त्या काळात काकूंना माझा जुना फोन दिला होता आणि त्या रोज सकाळी विचारायच्या, "माझा कधी देतोयस?"

रॉम फ्लॅश केली, म्हणजे फोनवर चढवली, चालू केलं, लोगो आला, मग काळं. परत लोगो, परत काळं. लॅपटॉपला लावून लॉगकॅट, म्हणजे अँड्रॉइडने केलेल्या नोंदी, घेतला, फाइल माझ्या फोनवर टाकली आणि सोमवारी चर्नी रोडहून अंधेरीला जाताना उभ्याउभ्या वाचली. दादर येईपर्यंत ती ओळ सापडली, कुडन्ट फाइंड ॲन ओपनजीएल ईएस इम्प्लिमेंटेशन, आणि तिच्या जरा वर, अमुक सिम्बॉल (फंक्शनचं नाव) सापडत नाही म्हणून लायब्ररी उघडता आली नाही. म्हणजे त्या रॉममध्ये ब्लॉब अँड्रॉइड 7 चेच ठेवले होते. चिप ठीक, कर्नेल ठीक, रेग्युलेटर जुना.

मग खरं शोधकाम सुरू झालं. आपल्या फोनच्या कंपनीने जे काढलं नाही ते तिच्याकडे शोधून मिळणार नाही, हे उघड आहे. पण चिप तर अनेकांनी वापरलेली असते! त्यामुळे फोनचं नाव विसरायचं आणि चिपचं नाव धरून शोधायचं, त्याच चिपच्या कुठल्या भावंडाला नंतरचं अँड्रॉइड मिळालं होतं का. आणि होतं. शाओमीचा एमआय ए1, सप्टेंबर 2017 चा, गुगलच्या अँड्रॉइड वन योजनेतला, आत तीच 625 आणि तोच अड्रिनो 506, आणि त्याला 2018 च्या डिसेंबरात अँड्रॉइड 9 आलं होतं. म्हणजे 506 साठी अँड्रॉइड 9 चे ड्रायव्हर जगात होते, फक्त दुसऱ्याच्या घरात. मी त्या रात्री दीड वाजता एकटाच खोलीत टाळ्या वाजवल्या, आई उठली.

त्या फोनची फॅक्टरी इमेज, म्हणजे कंपनीची मूळ सिस्टिम, उतरवली. सिस्टिमची फाइल स्पार्स (रिकाम्या जागा वगळलेली) असते, ती साध्या इमेजमध्ये बदलून लॅपटॉपवर माउंट केली. ए1 ला वेगळं व्हेंडर पार्टिशन (चिपवाल्याच्या फाइल्सची जागा) नाही, व्हेंडरचं फोल्डर सिस्टिमच्या आतच आहे, हे लक्षात यायला मला अर्धा तास गेला. तिथे 32 बिटच्या आणि 64 बिटच्या अशा दोन्ही लायब्ररी असतात, आणि दोन्ही घ्याव्या लागतात.

इथे मी चूक केली. ईजीएल फोल्डरमधल्या फाइल्स तेवढ्या उचलल्या, कारण एररमध्ये त्यांचंच नाव होतं. पुन्हा लोगो, पुन्हा काळं. त्या फाइल्सच्या मागे अजून एक फाइल असते जी कर्नेलशी बोलते, लिबजीएसएल, आणि एक शेडर कंपाइलरची (ग्राफिक्सचे छोटे प्रोग्रॅम चिपच्या भाषेत करणारी) असते, आणि त्या सगळ्या एकाच बिल्डच्या असाव्या लागतात. अर्धे जुने अर्धे नवे चालत नाही. मग अख्खा संच घेतला, व्हल्कनची फाइल, ओपनसीएल, आणि जीपीयूच्या आत चालणारा मायक्रोकोडसुद्धा. त्या मायक्रोकोडच्या फाइल्सच्या नावात 530 असतं म्हणून मी आधी त्या दुसऱ्या चिपच्या समजून वगळल्या होत्या, पण 506 सुद्धा त्याच वापरतो.

तरीही नाही! आणि या वेळी लॉगकॅट गप्प, सगळा गोंधळ कर्नेलच्या लॉगमध्ये. झॅप नावाच्या फर्मवेअरचं ऑथेंटिकेशन फेल. ही गोष्ट मला आधी माहीतच नव्हती म्हणून सविस्तर लिहितो. अड्रिनो 5 मालिकेत जीपीयू सुरू होतो तेव्हा सुरक्षित मोडमध्ये असतो, त्याला तिथून बाहेर काढायला झॅप नावाचं छोटं फर्मवेअर लागतं, आणि त्याच्यावर फोन बनवणाऱ्याची डिजिटल सही असते. चिप तीच असली तरी दुसऱ्या कंपनीची सही आपला फोन मानत नाही. मी उत्साहात ए1 च्या झॅप फाइल्ससुद्धा कॉपी केल्या होत्या. म्हणजे बाकी सगळं भावंडाचं घ्यायचं, पण झॅप मात्र आपल्याच फोनचं ठेवायचं. पहिल्या दिवशी घेतलेल्या बॅकअपमधून त्या फाइल्स परत आणल्या.

आणि लोगो आला, आणि लोगोनंतर ते गोल फिरणारं ॲनिमेशन, आणि मग मराठी निवडायचा स्क्रीन. बाहेर पाऊस धो धो, रविवार, दुपारचे तीन. स्क्रोल केलं तर लोण्यासारखं. पण फोटोंच्या छोट्या चित्रांवर रंगीत आडवे पट्टे येत होते, ते मात्र कर्नेलकडचं निघालं. नवीन ब्लॉबला केजीएसएलमध्ये जे बदल हवे होते ते जुन्या कर्नेलमध्ये नव्हते. ते बदल उघड्यावर आहेत, क्वालकॉमचा कर्नेल सोर्स आधी कोड ऑरोरावर असायचा तो आता कोडलिनारोवर आहे, तिथून ग्राफिक्सचं फोल्डर नवीन टॅगवर, म्हणजे नंतरच्या आवृत्तीवर, आणलं, दोन ठिकाणी हाताने जोडलं, आणि पट्टे गेले. ड्रायव्हरचा उघडा भाग आणि बंद भाग यात काय फरक आहे हे मला त्या दिवशी नीट समजलं. उघड्या भागात अडलं तर एका दुपारी सुटतं, बंद भागात अडलं तर दुसऱ्याच्या घरी काही मिळतंय का बघत फिरावं लागतं.

म्हणूनच मला फ्रीड्रिनोवाल्यांबद्दल मनापासून आदर आहे. रॉब क्लार्क यांनी 2012 मध्ये अड्रिनोसाठी उघडा ड्रायव्हर लिहायला घेतला, कागदपत्रं हातात नसताना, चिपला काय पाठवलं की ती काय करते हे बघून बघून. आज तो मेसा या उघड्या ग्राफिक्स ड्रायव्हरांच्या संचात आहे आणि 5 मालिकेलाही ओपनजीएलसाठी चालतो. माली या आर्मच्या ग्राफिक्ससाठी लिमा आणि पॅनफ्रॉस्ट हे असेच उघडे ड्रायव्हर आहेत, दोघांचे कर्नेलमधले भाग 2019 मध्ये लिनक्स 5.2 सोबत आले. काकूंच्या फोनवर मी ब्लॉबच ठेवलाय, कारण त्यांना सकाळी फोन लागतो आणि माझ्या प्रयोगांसाठी त्यांच्या ऑर्डरी बुडवायचा मला हक्क नाही. पण असा एखादा फोन जुन्या बाजारात स्वस्तात मिळाला तर फ्रीड्रिनो लावून बघायचंच आहे.

एक स्पष्ट सांगतो, पैशांचं ॲप मी त्या फोनवर टाकलेलं नाही. बूटलोडर अनलॉक केलेल्या फोनवर अशी बरीच ॲप चालायला नकार देतात, आणि त्यांना चुकवून चालवणं मला काकूंच्या पैशांच्या बाबतीत पटत नाही. ते त्यांच्या मुलाच्या फोनवर आहे, दारावर क्यूआरचा स्टिकर आहे, तेवढं पुरतं.

सोमवारी सकाळी ऑफिसला निघताना फोन दिला. काकूंनी हात पदराला पुसले, अंगठ्याने स्क्रीन वर सरकवली, म्हणाल्या "अक्षरं जरा बारीक झालीत रे." मी मोठी करून दिली. मग ॲप उघडलं, उघडलं म्हणजे खरंच उघडलं, आणि पहिली ऑर्डर आली बारा पोळ्या आणि मटकीची उसळ, खेतवाडीतून. त्यांनी फोन परत बरणीला टेकवला आणि कणकेत पाणी घातलं.

व्हिडिओ शूट करताना अजून चित्र मध्येच अडकतं. त्याचे लॉग काढून ठेवलेत, शनिवारी बसतो.