पोकलेनचा फोटो टाकण्याआधी सीटबेल्ट बघा

अवजड यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांच्या सामाजिक कामाच्या पोस्ट बघितल्या तर बहुतेक वेळा वृक्षारोपण, भला मोठा चेक नाहीतर रिबीन. हे तर बँकाही करतात, साबणवालेही करतात. यंत्रवाल्याने त्याच्या यंत्रामुळे काय बदललं ते सांगावं.

कोमात्सु ही जपानी यंत्र कंपनी 2008 पासून एका जपानी संस्थेच्या जोडीने कंबोडियात भूसुरुंग काढतेय. त्यासाठी आपल्याच बुलडोझरवर बेतलेलं यंत्र बनवलं, आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर शेती, रस्ते, शाळा उभ्या राहिल्या. माती हलवणं हाच धंदा असल्यामुळे ही गोष्ट ओढूनताणून आणल्यासारखी वाटत नाही.

सगळ्यांकडे अशी मोठी गोष्ट नसते. डिझेल मात्र सगळ्यांकडे असतं. विकलेल्या यंत्रातून निघणारा धूर ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉलमध्ये (कंपन्यांचं उत्सर्जन मोजण्याच्या जागतिक पद्धतीत) स्कोप 3 च्या, म्हणजे कंपनीबाहेर पुरवठादार-ग्राहकांकडे होणाऱ्या उत्सर्जनाच्या, 11 व्या प्रकारात मोजतात, आणि डिझेल यंत्रांच्या बाबतीत कारखान्यापेक्षा तोच आकडा कितीतरी मोठा असतो. तरी पोस्ट पडते ती कारखान्याच्या छपरावरच्या सोलर पॅनेलची!

त्यापेक्षा ग्राहकाच्या परवानगीने टेलिमॅटिक्सचा डेटा काढा, म्हणजे यंत्र स्वतःहून पाठवतं ती तासांची आणि डिझेलची नोंद. समजा, 20 टनी पोकलेन वर्षाला 2,000 तास चालतं आणि त्यातले 40 टक्के तास इंजिन नुसतंच सुरू असतं. ऑपरेटरला शिकवून आणि ऑटो-शटडाउन (रिकामं चालणारं इंजिन आपोआप बंद करणारी सोय) लावून ते 25 टक्क्यांवर आणलं, तर 300 तास वाचले. आयडलिंगला तासाला 3 लिटर धरले तर 900 लिटर डिझेल. लिटरमागे सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे वर्षाला जवळपास 2.4 टन. हा हिशेब पोस्टमध्ये असाच, धरलेल्या आकड्यांसकट छापा. इथे एक चूक हमखास होते: हंगाम मंदा असला की तास आपोआप कमी होतात आणि श्रेय मात्र तंत्रज्ञानाला जातं. म्हणून तुलना उपसलेल्या टनामागे लागलेल्या लिटरची करा.

दुसऱ्याच्या कामावर हक्क सांगू नका. धरण ठेकेदाराने बांधलं. तुम्ही एवढंच लिहा, 'या कामावर आमची 6 यंत्रं होती.'

आता फोटो. साइटवरची माणसं आधी ऑपरेटरचा सीटबेल्ट बघतात. मग बकेट जमिनीला टेकवलीय का, उचललेल्या बकेटखाली कोणी उभं आहे का, शिडी चढताना दोन पाय-एक हात किंवा दोन हात-एक पाय टेकलेत का. पाहुण्यांना यंत्राच्या ट्रॅकवर, म्हणजे साखळी-पट्ट्यावर, उभं करून काढलेला ग्रुप फोटो तर सरळ डिलीट करा. खाली सुरक्षेवर कितीही लिहिलंत तरी ते कोणी वाचणार नाही.

आपत्तीत यंत्र पाठवताना नुसतं यंत्र पाठवून भागत नाही. सोबत यंत्र वाहून न्यायला लो-बेड ट्रेलर, दोन पाळ्यांचे ऑपरेटर, ढिगारा उचलायला ग्रॅपल (पकडणारा पंजा) आणि डिझेल लागतं. तासाला 15 लिटर धरले तरी आठ तासांच्या एका पाळीला 120 लिटर. यंत्र कायमचं देणार असाल तर पहिल्या 1,000 तासांचे ऑइल-फिल्टर आणि दोन स्थानिक ऑपरेटरांचं प्रशिक्षण देणगीपत्रातच लिहा. फिल्टर न मिळाल्याने यंत्र उभं राहतं ते बहुधा पहिल्या-दुसऱ्या सर्व्हिसिंगलाच. चावी देतानाचा फोटो नको. पोस्ट सहा महिन्यांनी टाका, यंत्र किती तास चाललं ते दाखवणाऱ्या आवर मीटरच्या फोटोसकट.